पिस्तुलातील काडतूसभरण

अर्धस्वयंचलित पिस्तूल रोज जवळ बाळगताना त्यात किती काडतुसे भरावीत, आणि नळीच्या मागच्या चेंबरमध्ये एक काडतूस चढवून ठेवावे की चेंबर रिकामे ठेवावे, या प्रश्नाला व्यवहारात काडतूसभरणाचा किंवा सज्जतेचा प्रश्न असे म्हणतात. भारतात हा प्रश्न फार थोड्या लोकांपुढे येतो. कर्तव्यावरील पोलीस, सुरक्षा दलांचे जवान आणि शस्त्र परवानाधारक नागरिक यांच्यापुरताच तो मर्यादित आहे. मुंबईच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांसारख्या दाट वस्तीच्या उपनगरांत मात्र त्याचे उत्तर शस्त्रधारकाइतकेच त्याच्या शेजाऱ्यांच्या, सहप्रवाशांच्या आणि घरातील मुलांच्या जिवाशी निगडित असते. काडतुसांची संख्या हा या प्रश्नाचा दिसणारा भाग होय. शस्त्र या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे हे धारकाला निश्चितपणे ठाऊक असणे, हा त्याचा गाभा होय.

संज्ञा

मराठीत बंदुकीच्या भागांची नावे बरीच जुनी आहेत, तथापि पिस्तुलाच्या बाबतीत इंग्रजी शब्दच रूढ झाले आहेत. या लेखात पुढील अर्थ अभिप्रेत आहेत.

काडतूस: पितळी कोश, त्यातील दारू, बुडाशी असलेली ठिणगी देणारी टोपी आणि टोकाची गोळी हे सर्व मिळून एक काडतूस होते. बोलीभाषेत संपूर्ण काडतुसालाच ‘गोळी’ म्हणतात. काटेकोर अर्थाने नळीतून बाहेर पडणारा धातूचा भाग म्हणजे गोळी.

चाप आणि घोडा: बोटाने दाबला जातो तो चाप. चाप दाबल्यावर पुढे आपटतो तो घोडा. घोड्याच्या आघाताने खिळ्यासारखा आघात-दंड काडतुसाच्या टोपीवर बसतो. मुंबईच्या बोलीत ‘घोडा’ हा शब्द संपूर्ण पिस्तुलासाठीही वापरला जातो.

मॅगझिन: मुठीच्या पोकळीत बसणारी, काडतुसे एकावर एक रचलेली स्प्रिंगची पेटी. बोलीत ‘मॅग’ असेही म्हणतात.

चेंबर: नळीच्या मागील टोकाची, एकच काडतूस मावणारी जागा. झाडले जाणारे काडतूस नेहमी येथेच असते.

स्लाइड: पिस्तुलाच्या वरच्या बाजूस मागे-पुढे सरकणारा पोलादी भाग.

बोअर: नळीच्या आतील व्यासाचे माप. भारतातील परवानाधारकांत ‘बत्तीस बोअर’ हा शब्द सर्वांत परिचित आहे.

कार्यपद्धती

भरलेले मॅगझिन मुठीत बसवले, तरी पिस्तूल लगेच झाडता येत नाही. स्लाइड एकदा पूर्ण मागे ओढून सोडावी लागते. ती पुढे येताना मॅगझिनमधील सर्वांत वरचे काडतूस ढकलून चेंबरमध्ये नेते. त्यानंतर चाप दाबला की गोळी सुटते, धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामा कोश बाहेर फेकला जातो आणि परत येणारी स्लाइड पुढील काडतूस चेंबरमध्ये चढवते. दर वेळी चाप मात्र नव्याने दाबावा लागतो. म्हणून या शस्त्राला ‘अर्धस्वयंचलित’ म्हणतात.

या रचनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की पिस्तुलात काडतुसे ठेवण्याच्या जागा दोन आहेत, मॅगझिन आणि चेंबर, आणि त्यांचा हिशोब वेगवेगळा ठेवावा लागतो. दुसरी अशी की मॅगझिन काढून घेतले तरी चेंबरमधील काडतूस जागेवरच राहते. ‘मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले’ हा समज जगभरातील घरगुती अपघातांमागचे एक नेहमीचे कारण आहे. ब्राउनिंग हाय-पॉवरसारख्या काही पिस्तुलांत मॅगझिन नसताना चाप चालू नये अशी योजना असते. परंतु सर्व पिस्तुलांत ती नसते, त्यामुळे तिच्यावर विसंबून राहण्याची सवय धोक्याची ठरते.

सज्जतेच्या अवस्था

अमेरिकी मरीन अधिकारी व नेमबाजी-शिक्षक जेफ कूपर (१९२०–२००६) यांनी पिस्तुलाच्या सज्जतेचे पाच क्रमांक प्रचारात आणले. कोल्ट एम १९११ या पिस्तुलाच्या संदर्भात मांडलेली ही वर्गवारी आज सर्वत्र वापरली जाते.

अवस्था चार: मॅगझिन काढलेले, चेंबर रिकामे, घोडा खाली.
अवस्था तीन: भरलेले मॅगझिन आत, चेंबर रिकामे, घोडा खाली.
अवस्था दोन: चेंबरमध्ये काडतूस, घोडा खाली.
अवस्था एक: चेंबरमध्ये काडतूस, घोडा ताणलेला, सुरक्षा खटका लावलेला.
अवस्था शून्य: चेंबरमध्ये काडतूस, घोडा ताणलेला, सुरक्षा खटका उघडा.

क्रमांक जितका लहान, तितकी सज्जता अधिक आणि चुकीला जागा कमी. अवस्था दोन वरवर सौम्य वाटते. परंतु बाहेरून दिसणारा घोडा असलेल्या जुन्या पिस्तुलात ती आणण्यासाठी भरल्या चेंबरवर ताणलेला घोडा अंगठ्याने हळूच खाली उतरवावा लागतो. अंगठा निसटला तर गोळी सुटते. म्हणून अनेक प्रशिक्षक तिला सर्वांत फसवी अवस्था मानतात. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉक पिस्तुलाला बाहेरून दिसणारा घोडा नाही आणि हाताने लावायचा सुरक्षा खटकाही नाही. त्याच्या आतील सुरक्षा-योजना चाप दाबताच आपोआप उघडतात. अशा पिस्तुलाला वरील क्रमांक जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्याच्या बाबतीत चेंबर भरलेले की रिकामे एवढाच भेद उरतो, आणि चापाचे तोंड पूर्ण झाकणारे होल्स्टर हीच बाहेरची सुरक्षा ठरते.

मॅगझिन किती भरावे

मॅगझिनची क्षमता पिस्तुलाच्या प्रकारानुसार बदलते. कोल्ट एम १९११ च्या मूळ मॅगझिनमध्ये ७, ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये १३, तर ग्लॉक १७ मध्ये १७ काडतुसे मावतात. भारतीय सैन्य व पोलीस दलांत दीर्घकाळ वापरात असलेले ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ हे हाय-पॉवरच्याच आराखड्यावर पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात तयार झाले. पूर्ण क्षमता वापरावी की नाही, याबद्दल तीन पद्धती आढळतात.

एक कमी भरणे: पूर्ण भरलेल्या मॅगझिनमधील काडतुसे स्प्रिंगने घट्ट दाबलेली असतात. स्लाइड बंद असताना असे मॅगझिन मुठीत बसवले, तर वरचे काडतूस स्लाइडच्या खालच्या बाजूला अडते आणि मॅगझिन नीट अडकत नाही. अर्धवट अडकलेले मॅगझिन ऐन वेळी खाली पडते. एक काडतूस कमी ठेवल्याने ही अडचण टळते. लष्करी इतिहासात याची उदाहरणे आहेत. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिक एम १६ रायफलच्या २० काडतुसांच्या मॅगझिनमध्ये बहुधा १८ भरत. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश स्टेन गनचे ३२ काडतुसांचे मॅगझिनही पूर्ण भरण्याचे टाळले जाई.

पूर्ण भरणे: आधुनिक, चांगल्या बनावटीच्या मॅगझिनमध्ये निर्मात्याने सांगितलेली क्षमता वापरण्यास हरकत नसते. स्प्रिंग केवळ दबून राहिल्याने लवकर कमकुवत होत नाही. ती पुन्हापुन्हा दाबली व सोडली गेल्याने अधिक झिजते, असे धातुशास्त्र सांगते. त्यामुळे ‘स्प्रिंगला विश्रांती’ देण्यासाठी मॅगझिन दर आठवड्याला भरणे व रिकामे करणे हा उपाय उलटा पडतो.

पूर्ण अधिक एक: प्रथम एक काडतूस चेंबरमध्ये चढवून, मॅगझिन बाहेर काढून, रिकामी झालेली जागा नव्या काडतुसाने भरून ते परत बसवणे. यामुळे क्षमतेपेक्षा एक काडतूस जास्त बसते. ही पद्धत अमेरिकेत प्रचलित आहे. तिच्यात हाताळणीच्या पायऱ्या वाढतात, आणि अपघात बहुधा हाताळणीतच होतात, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप होय.

सकाळी चेंबर भरायचे आणि रात्री रिकामे करायचे, असा क्रम ठेवणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तेच काडतूस वारंवार चेंबरमध्ये चढवल्यास त्याच्या टोकावर आघात होऊन गोळी कोशात थोडी मागे सरकते. कोशातील मोकळी जागा कमी झाल्याने झाडताना दाब धोकादायक रीतीने वाढू शकतो. म्हणून चेंबरमधून काढलेले काडतूस इतरांच्या लांबीशी ताडून पाहण्याची आणि आखूड झालेले बाजूला काढण्याची शिस्त पाळली जाते.

चेंबर भरलेले की रिकामे

खरा मतभेद येथे आहे. मॅगझिनमध्ये एक काडतूस कमी किंवा जास्त असल्याने क्वचितच काही बिघडते; चेंबरमधील एका काडतुसाने मात्र शस्त्राचे स्वरूपच बदलते.

भरलेल्या चेंबरच्या बाजूने असे सांगितले जाते की हल्ला अकस्मात होतो, स्लाइड ओढण्यास दोन्ही हात लागतात, आणि त्या क्षणी दुसरा हात मोकळा असेलच असे नाही. तो हात हल्लेखोराला अडवत असेल किंवा जखमी झालेला असेल. घाईत स्लाइड अर्धवट ओढली गेल्यास काडतूस तिरके अडकते. या कारणांमुळे अनेक देशांतील पोलीस दले आज चेंबर भरलेलेच ठेवतात. मात्र त्यांच्याकडे नियमित सराव, ठरावीक प्रकारचे होल्स्टर आणि शस्त्र जमा करण्याची बांधलेली पद्धत असते.

रिकाम्या चेंबरच्या बाजूने असे म्हटले जाते की पिस्तूल पडले, हिसकावले गेले, कपड्यात अडकले किंवा मुलाच्या हाती लागले, तरी स्लाइड ओढल्याशिवाय गोळी सुटत नाही. शांघाय नगर पोलिसांत विल्यम फेअरबेर्न यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हीच पद्धत रूढ केली. त्या दलात शीख पोलिसांचीही मोठी शाखा होती. तेथे पिस्तुलाचा सुरक्षा खटका कायमचा निकामी करून ठेवत आणि चेंबर रिकामे ठेवून, पिस्तूल उपसताच स्लाइड ओढण्याचा सराव करून घेत. खटका लावला आहे की नाही हा संशयच उरू नये, हा त्यामागचा विचार होता. पुढे इस्रायलच्या सुरुवातीच्या काळात निरनिराळ्या बनावटीची शस्त्रे हाती असलेल्या सैनिकांना एकच पद्धत शिकवणे सोयीचे ठरले. त्यावरून अवस्था तीनला ‘इस्रायली पद्धत’ हे नाव पडले.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आपापल्या परिस्थितीत बरोबर आहेत. निर्णय करताना धारकाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न असा की, आपल्या दैनंदिन जीवनात अधिक संभवनीय काय आहे: निमिषार्धात प्रतिकार करावा लागेल असा हल्ला, की शस्त्र हाताळताना होणारी चूक? ज्याचा सराव वर्षातून एखाद्या वेळीच होतो आणि ज्याचे शस्त्र बहुतेक काळ कपाटात किंवा कमरेला निष्क्रिय असते, त्याच्या बाबतीत दुसरी शक्यता कितीतरी मोठी असते. म्हणून असा धारक शस्त्र बाळगतच असेल, तर रिकामे चेंबर हीच त्याच्यासाठी सयुक्तिक अवस्था ठरते.

रिव्हॉल्व्हर आणि जुहू येथील अपघात

रिव्हॉल्व्हरला मॅगझिन नसते. फिरत्या नळकांड्यात सहसा पाच किंवा सहा घरे असतात आणि प्रत्येक घर हे स्वतंत्र चेंबरच असते. त्यामुळे ‘मॅगझिन भरलेले, चेंबर रिकामे’ अशी मधली अवस्था येथे उपलब्ध नाही. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा विसावलेला असतानाही त्याचे टोक काडतुसाच्या टोपीला टेकलेले असते, आणि शस्त्र घोड्यावर आपटल्यास गोळी सुटू शकते. म्हणून घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची, म्हणजे सहा घरांत पाचच काडतुसे भरण्याची पद्धत पडली. नव्या बनावटीत घोडा व टोपी यांच्यामध्ये पोलादी अडसर येतो; तरी जुन्या, झिजलेल्या शस्त्राबाबत हा नियम आजही पाळावा असे जाणकार सांगतात.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहू येथील घरी त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून ती त्यांच्या पायात शिरली. बाहेरगावी निघण्यापूर्वी शस्त्र कपाटात ठेवताना ते हातातून पडले, असे त्यांच्या वतीने सांगण्यात आले. शस्त्रक्रियेने गोळी काढण्यात आली आणि काही दिवसांत ते घरी परतले. या घटनेने परवानाधारकांच्या घरातील साठवणीचा प्रश्न चर्चेत आला. घराबाहेर पडताना कपाटात ठेवायचे शस्त्र हे व्याख्येनेच वापरात नसलेले शस्त्र होय. ते ठेवण्यापूर्वी रिकामे केलेले असेल, तर पडल्याने फार तर फरशीला खोक पडते.

या प्रसंगी वृत्तपत्रांत ‘मिसफायर’ हा शब्द सर्रास वापरला गेला. शस्त्रविद्येत त्याचा अर्थ नेमका उलट आहे. चाप दाबूनही काडतूस न पेटणे म्हणजे मिसफायर. नकळत गोळी सुटणे याला ‘अनवधानाने गोळी सुटणे’ म्हणावे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. खऱ्या मिसफायरमध्ये दारू उशिरा पेटण्याची शक्यता असते. म्हणून शस्त्र सुरक्षित दिशेला रोखून साधारण ३० सेकंद थांबावे आणि मगच ते उघडावे, असा नियम आहे.

भारतातील कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ हा केंद्रीय कायदा आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार भारतात बंदूक बाळगणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क नसून परवान्याने मिळणारी सवलत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. बृहन्मुंबईत, म्हणजे दहिसर-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या सर्व उपनगरांसह, परवाना देण्याचे अधिकार पोलीस आयुक्तालयाकडे आहेत.

९ मिमी हे माप सामान्य नागरिकांसाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडते. त्यामुळे हाय-पॉवर किंवा ग्लॉक १७ यांच्या १३ वा १७ काडतुसांची चर्चा भारतीय परवानाधारकाच्या दृष्टीने बहुतांशी पुस्तकी आहे. त्याच्या हाती सामान्यतः बत्तीस बोअरचे शस्त्र असते: ईशापूरचे ‘अशनी’ पिस्तूल किंवा कानपूरचे रिव्हॉल्व्हर. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर सहा काडतुसांचे आहे. येथे एक सूचना महत्त्वाची आहे. पिस्तुलाचे बत्तीस बोअर काडतूस आणि रिव्हॉल्व्हरचे बत्तीस बोअर काडतूस ही दोन भिन्न काडतुसे आहेत. नाव सारखे असले तरी लांबी वेगळी असते आणि ती परस्परांत वापरावयाची नसतात.

लहान शस्त्रांच्या काडतुसांचे उत्पादन महाराष्ट्रातही होते. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. खडकीचे जुने इंग्रजी रूप ‘किरकी’. त्यावरून पडलेली ‘के. एफ.’ ही अक्षरे तेथील काडतुसांच्या बुडावर आढळतात. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत रूपांतर झाल्यावर दारूगोळ्याचे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले.

परवान्यावर शस्त्राचा क्रमांक, परवान्याचे क्षेत्र आणि काडतुसांची अनुज्ञेय संख्या नोंदलेली असते. मॅगझिनमध्ये किती काडतुसे ठेवावीत किंवा चेंबर रिकामे ठेवावे की नाही, हे त्यावर लिहिलेले नसते. ती जबाबदारी धारकाची मानली जाते. तथापि २०१६ च्या नियमांनुसार अर्जदाराला शस्त्र-सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि सुरक्षित वापर व साठवण यांचे हमीपत्र द्यावे लागते. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात असावे लागते. ते दाखवून मिरवणे हा परवाना गमावण्याचा मार्ग आहे. लग्न, मिरवणूक अशा प्रसंगी निष्काळजीपणे गोळीबार केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खाजगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. निष्काळजी कृत्यामुळे मृत्यू झाल्यास कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. म्हणजे भरलेल्या चेंबरमधून चुकून सुटलेली गोळी शेजाऱ्याला लागली, तर ‘स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगले होते’ एवढ्याने धारकाची सुटका होत नाही.

मुंबई उपनगरांतील परिस्थिती

१९९० च्या दशकात खंडणीखोर टोळ्यांच्या दहशतीमुळे मुंबईतील व्यापारी, बांधकाम व्यावसायिक आणि चित्रपटक्षेत्रातील मंडळींत स्वसंरक्षणाची चिंता पसरली. १६ जानेवारी १९९७ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांची पवई येथे, तर १२ ऑगस्ट १९९७ रोजी संगीत-व्यावसायिक गुलशन कुमार यांची अंधेरी येथे मंदिराबाहेर गोळ्या झाडून हत्या झाली. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांची वांद्रे पूर्व येथे हत्या झाली, तेव्हा त्यांच्यासोबत पोलीस संरक्षक होता. पाळत ठेवून अनेक जणांनी अकस्मात केलेल्या अशा हल्ल्यांत, मॅगझिनमध्ये सात काडतुसे होती की आठ, याने निष्पत्ती बदलल्याचे दिसत नाही.

८ फेब्रुवारी २०२४ रोजी बोरिवली पश्चिम येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार हल्लेखोराने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरील होते. भरलेले शस्त्र धारकाच्या नजरेआड असणे म्हणजे काय, याचे हे दाहक उदाहरण होय.

उपनगरांतील दैनंदिन जीवनाचाही विचार करावा लागतो. घाटकोपर किंवा अंधेरी स्थानकावरील गर्दीत लोकलमध्ये चढताना एक हात दांड्याला आणि दुसरा पिशवीला असतो, तर अंगावर चारही बाजूंनी दाब पडतो. एक हात अडकलेला असल्याने रिकाम्या चेंबरचे पिस्तूल येथे त्वरित वापरता येणार नाही, हे खरे. परंतु त्या गर्दीत झाडलेली गोळी निरपराध माणसाला लागण्याची शक्यताच सर्वाधिक, हेही तितकेच खरे. चाळीतील फळीच्या भिंती आणि झोपडवस्तीतील पत्रे गोळीला अडवू शकत नाहीत. एका खोलीत झालेली चूक शेजारच्या खोलीत जाऊन पोहोचते.

शस्त्र रिकामे करण्याचे प्रसंगही येथे वारंवार येतात. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात छाननी करून परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्यास सांगितले जाते. २०२४ मध्ये मुंबईत लोकसभेसाठी २० मे आणि विधानसभेसाठी २० नोव्हेंबर असे दोनदा मतदान झाले. विमानप्रवासात शस्त्र पूर्ण रिकामे करून, जाहीर करून, सामानाच्या कक्षात पाठवावे लागते आणि काडतुसे वेगळी बांधावी लागतात. नेहमी चेंबर भरून ठेवणाऱ्याला अशा प्रत्येक वेळी भरलेल्या शस्त्राची हाताळणी करावी लागते.

रिकामे करण्याचा क्रम

पिस्तूल रिकामे करण्याचा क्रम जगभर एकच शिकवला जातो, आणि त्यात अदलाबदल चालत नाही.

१. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवावे. बोट चापापासून दूर, चापाच्या कड्याबाहेर असावे.
२. प्रथम मॅगझिन पूर्ण बाहेर काढावे.
३. नंतर स्लाइड मागे ओढून चेंबरमधील काडतूस बाहेर पडू द्यावे.
४. स्लाइड मागेच अडकवून चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीने चाचपावे.
५. बाहेर आलेली काडतुसे मोजून भरतानाच्या संख्येशी ताडावीत.

दुसरी व तिसरी पायरी उलटी केल्यास, म्हणजे मॅगझिन आत असतानाच स्लाइड ओढल्यास, जुने काडतूस बाहेर पडते खरे, पण नवे लगेच चेंबरमध्ये चढते. त्यानंतर मॅगझिन काढणाऱ्याला शस्त्र रिकामे झाल्याची खात्री वाटते, आणि प्रत्यक्षात ते झाडण्यास तयार असते. पाचव्या पायरीतील साधी बेरीज-वजाबाकी ही चूक उघडी पाडते. सात भरली आणि सहाच परत आली, तर सातवे कोठे आहे ते शोधल्याशिवाय शस्त्र खाली ठेवू नये.

क्रीडा नेमबाजीतील पद्धत

महाराष्ट्रातील बहुसंख्य तरुणांचा पिस्तुलाशी संबंध येतो तो नेमबाजीच्या क्रीडाप्रकारामुळे. २५ मीटर पिस्तूल प्रकारात .२२ बोअरचे पिस्तूल वापरतात आणि प्रत्येक फेरीसाठी मॅगझिनमध्ये पाचच काडतुसे भरतात, तीही पंचांनी आज्ञा दिल्यानंतर. फेरी संपताच पिस्तूल रिकामे करून, स्लाइड उघडी ठेवून, चेंबरमध्ये रंगीत सुरक्षा-निशाण घालून ते खाली ठेवले जाते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. या क्रीडाप्रकारात शस्त्राची अवस्था कोणालाही दुरून दिसावी, असा दंडक आहे. रोज शस्त्र बाळगणाऱ्याला निशाण लावता येत नाही. त्याला तीच खात्री सवयीने मिळवावी लागते.

प्रचलित गैरसमज

‘सुरक्षा खटका लावला की पुरे’: खटका हा यांत्रिक भाग आहे, तो झिजतो, अर्धवट लागतो किंवा विसरला जातो. नळीची दिशा आणि बोटाची जागा यांना तो पर्याय नव्हे.

‘जास्त काडतुसे म्हणजे जास्त संरक्षण’: काडतुसांची संख्या सरावाची उणीव भरून काढत नाही. उलट जड झालेले पिस्तूल धारक घरीच किंवा गाडीच्या कप्प्यात ठेवू लागतो, आणि तेथे ते इतरांच्या हाती पडण्याचा धोका वाढतो.

‘घरात सर्वांना ठाऊक आहे, कोणी हात लावत नाही’: लहान मुलांच्या बाबतीत हा भरवसा ठेवता येत नाही. घरी शस्त्र अवस्था चारमध्ये, कुलुपात, आणि काडतुसे वेगळ्या कुलुपात ठेवणे हाच सर्वमान्य दंडक आहे.

‘रिकामे पिस्तूल निरुपद्रवी असते’: अनवधानाने झालेल्या गोळीबारानंतर ‘मला ते रिकामे वाटले’ हे वाक्य पोलिसांपुढील जबाबांत जगभर ऐकू येते. म्हणून प्रत्येक शस्त्र, स्वतः तपासेपर्यंत, भरलेलेच समजावे हा हाताळणीचा पहिला नियम मानला जातो.

हे सुद्धा पहा

शस्त्र अधिनियम, १९५९
रिव्हॉल्व्हर
काडतूस
दारूगोळा कारखाना, खडकी
नेमबाजी
राही सरनोबत
बृहन्मुंबई पोलीस